एकोणिसावा जुज

माझ्या नवऱ्याच्या बाडाला हात लावण्याआधी लोक आता हात पुसतात. लाकडी पुठ्ठे, वर डुकराचं कातडं, पितळेच्या कड्या, आणि चोरीला जाऊ नये म्हणून कॉलेजच्या मेजाला साखळीनं जखडलेलं. ते कोण कशाला चोरेल, हे मला अजून कळलेलं नाही. चारशे पानं, सगळी त्यांच्याच हातची. ग्रहांची कोष्टकं, ग्रहणांची गणितं, चंद्र कुठल्या राशीत असताना शरीराच्या कुठल्या भागातून रक्त काढू नये हे दाखवणारं एका नागड्या बाप्याचं चित्र, काही अरबांचं, काही ज्यूंचं, आणि मधेमधे माणसांच्या कुंडल्या. एकोणिसाव्या जुजात एकाच मुलीच्या दोन कुंडल्या आहेत. एकीत शनी आठव्या घरात, दुसरीत नवव्या. खरी कोणती, यावर विद्वान मंडळी वाद घालतात म्हणे. मी अजून जिवंत आहे, पूल ओलांडला की माझं घर आहे, पण मला विचारायला कोणी आलेलं नाही. तेव्हा मीच सांगते.

माझं नाव वालपुर्गा. माझा बाप एर्फुर्टच्या पुलावर पुस्तकं बांधायचा. मास्टर विगांड त्याच्याकडे कागद घ्यायला आले आणि मुलगी घेऊन गेले, असं तो मरेपर्यंत सांगायचा. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणायचं. मीही चारचौघांत मास्टर म्हणायचे आणि घरात ‘अहो’. सकाळी ते रोगी बघायचे, दुपारी विद्यापीठात शिकवायचे, आणि उरलेला सगळा वेळ नक्कल करायचे. लाइपझिगला कोणाकडे एखादं दुर्मीळ कोष्टक आहे असं कानावर आलं, की चालत जाऊन ते पंधरा दिवसांच्या बोलीवर उसनं आणायचे आणि जेवण विसरून उतरवून काढायचे. माझं काम कागद दुमडायचं, रेघा आखायचं. पाच ताव एकात एक घालून मधोमध दुमडले की एक जुज होतो. जुजावर जुज रचून शिवले की पुस्तक. पण शिवू देतील तर ना!

“अहो, आता बांधू का? उंदरांनी अकरावा जुज चाखलाय.”

“थांब. अजून एक यायचंय.”

अठ्ठावीस वर्षं ‘अजून एक’ येतच होतं. म्हणून त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, मी वाटाण्याचं सूप ढवळत असताना, ते मागे येऊन “बांधून टाक” म्हणाले तेव्हा माझ्या हातातला डाव सुटला.

आनंद व्हायला हवा होता. झाली धास्ती. कारण नोव्हेंबरपासून त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. संत मार्टिनच्या सणाला, हंस कापला त्या दिवशी, आमची एकुलती एक प्लोनी सांगत आली की तिला दिवस गेलेत. पूर्ण नाव आपोलोनिया, पण ते फक्त पाद्री घ्यायचा. मी तिला मिठी मारली. तिचे बाबा ताटावरून उठले, खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा खिडकीशी गेले. तेव्हापासून हा माणूस बसून राहिला असेल तर शपथ. चमचा उचलायचा, ठेवायचा. टोपी घालायची, दारापर्यंत जायचं, टोपी काढायची. आणि प्लोनीच्या घरी पाऊल नाही. चार गल्ल्यांवर घर! रोग्याला बघायला वेशीबाहेर चिखल तुडवत जातील, पण पोटच्या पोरीकडे नाही.

प्लोनीचा नवरा फोल्कमार निळीच्या गाड्या घेऊन ग्योर्लिट्सला गेला होता. त्यामुळे मी रोज तिच्याकडे जायचे, आणि रोज तेच ऐकायचे.

“बाबा का येत नाहीत गं आई?”

“कामात आहेत.”

“काल त्या मठाधिपतीच्या गाठीवर लेप लावायला गेले होते. एन्नेलिन दाई सांगत होती. मी गाठ असते तर आले असते, नाही का?”

“जिभेला हाड नाही तुझ्या.”

“ते तुझ्याकडून आलंय.” मग तिनं तोंड फिरवलं आणि हळूच म्हणाली, “आई, मला भीती वाटते. ते एकदा आले, नाडी बघितली, आणि ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाले, तर मला पुरे. लहानपणी पडले की तेच म्हणायचे. बाकी कोणाचं मला खरं वाटत नाही.”

मी घरी येताना रडले. आंबवलेल्या निळीच्या कोठारांपुढून येताना उग्र वासानं डोळ्यांना पाणी येतंच, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

तर, “बांधून टाक” म्हणाले. मी जुज जमिनीवर मांडले. प्रत्येकाच्या शेवटच्या पानाखाली आकडा असतो, तो बघून रचायचं. सतरा, अठरा, वीस. एकोणीस कुठाय? पुन्हा मोजले. बापाच्या दुकानात मी चालायला शिकले ती जुजांवरून. मी एक जुज हरवणं शक्य नाही.

“अहो, एकोणिसावा?”

“आहे कुठेतरी. नंतर घालू.”

नंतर घालू! पुस्तक म्हणजे काय सूप आहे, मीठ नंतर घालायला? ते विद्यापीठात गेल्यावर मी घर उलथंपालथं केलं. पिठाच्या पेटीत तळाशी, जुन्या मोज्यात गुंडाळलेला सापडला.

मला लॅटिन येत नाही असं मास्टरांना वाटायचं. पण अठ्ठावीस वर्षं एखाद्याच्या पानांना रेघा आखल्यावर दगडालासुद्धा थोडं येईल. ग्रहांच्या खुणा येत होत्या, घरांचे आकडे येत होते, आणि बायकांच्या दुखण्यांच्या जुजात ‘बाळंतपण’ हा शब्द तर मी शंभर वेळा पाहिला होता. पानावर कुंडलीचा चौकोन होता, मधे ‘आपोलोनिया’. आठव्या घरात शनी. आठवं म्हणजे मरणाचं. दुसऱ्याच्या कुंडलीत ते घर आलं की मास्टर आवाज उतरवायचे. खाली बारीक अक्षरात: बाविसावं वर्ष, बाळंतपण. पुढे एक क्रॉस. शाई जुनी, तपकिरी पडलेली. पोर पाळण्यात असताना लिहिलेली.

प्लोनीला बाविसावंच चालू होतं.

मग एकेक आठवायला लागलं. चार स्थळं त्यांनी ‘ग्रह जुळत नाहीत’ म्हणून परत पाठवली होती. प्लोनी लहान असताना खेळताखेळता हसली की हा माणूस उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मी त्यांना कोरड्या काळजाचा समजायचे. किती टोमणे मारले असतील, देवच जाणे. एकवीस वर्षं हे पान पोटात ठेवून जगले, आणि मला सांगितलं नाही.

राग आला. दया आली. पुन्हा राग आला. पण डोक्यात एकच होतं: त्यांना प्लोनीकडे पाठवायचं. शनीचं माझ्या हातात नव्हतं. तेवढं होतं.

ते परत आले तेव्हा मी जुज मेजावर ठेवला. ते बघून उभेच राहिले. टोपीसुद्धा काढली नाही.

“ही जन्मवेळ चुकीची आहे,” मी म्हटलं.

मला एवढंच ठाऊक होतं की तासा-दोन तासांत ग्रहांचं घर बदलतं. त्यावरून ते कुंडली मांडून घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांवर खेकसायचे, ‘वेळ नीट सांगा, उगाच अंदाजपंचे नको!’ घर कुठल्या बाजूला सरकेल ते मला माहीत नव्हतं. सातवं आलं असतं तरी आठव्यापेक्षा बरंच.

“दुपारनंतर लिहिलंय तुम्ही,” मी म्हटलं. “दुपारच्या आधी झाली ती. चांगला तास-दीड तास आधी.”

“तूच सांगितलं होतंस, दुपार कलली होती म्हणून.”

“तेव्हा मी अर्धमेली होते. आता नीट आठवतंय. पोर रडली, एन्नेलिननं तिला पुसलं, माझ्या कुशीत दिलं, आणि मग कितीतरी वेळानं दुपारची घंटा झाली.”

खोट्याला फोडणी लागतेच. नुसतं खोटं कोणी गिळत नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ की मला ओढणी सारखी करावी लागली.

“घंटा ऐकलीस?”

“ऐकली म्हणजे! कान काय फुटले होते माझे?”

“बरं,” ते म्हणाले. टोपी काढली, बसले, लेखणीला टोक केलं. कोष्टकं उघडली. ते आकडे मांडत होते आणि मी मुद्दाम कोबी चिरत बसले. शेवटी दुसरा चौकोन काढला, पहिल्याच्या शेजारी. शनी नवव्यात. तिथे तो धर्माचा नाहीतर लांबच्या प्रवासाचा.

“चांगलं आहे?” मी विचारलं.

“मरणाचं नाही,” ते म्हणाले. टोपी घातली, आणि या वेळी दाराबाहेर पडले.

पुढचे अकरा दिवस मी त्या माणसाला ओळखलं नाही. रोज प्लोनीकडे. नाडी बघायचे, पायांची सूज बघायचे, बदामाच्या दुधात भाकरी कुस्करून भरवायचे. उपासाच्या दिवसांत गर्भारणीला अंडं चालतं, असा पाद्र्याशी वाद घालून तिच्यासाठी अंडी आणली. ती त्यांची थट्टा करायची, “बाबा, आता गाठ झालेय ना मी, म्हणून आलात,” आणि ते हसायचे. मात्र घरी आले की येरझाऱ्या तशाच. मी म्हटलं, सवय असेल. शनी काय, हलला तो हललाच की.

कळा सुरू झाल्या गुड फ्रायडेच्या पहाटे.

रीतीप्रमाणे एन्नेलिननं प्लोनीच्या घरी वरच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, शेजारच्या दोन बायका बोलावल्या आणि मास्टरांना खाली हाकललं. “तुमचं काम संपलं. आता बायकांचं.” मी वर-खाली करत होते, पाणी, फडकी, पुन्हा पाणी. सकाळ गेली. मूल आडवं होतं. एन्नेलिन मला बाजूला घेऊन म्हणाली, “फिरवायचा प्रयत्न करते. पण तू प्रार्थना कर.”

मी जिना उतरत होते तेव्हा गल्लीतून पोरांचा घोळका गेला, लाकडी खुळखुळे खडखडवत. घंटा रोमला गेल्यात, असं आमच्याकडे म्हणतात ना! गुरुवारी रात्रीपासून ईस्टरपर्यंत घंटा बंद, प्रार्थनेला बोलवायला लाकडाचा तो कर्कश खडखडाट. लहानपणापासून दर वर्षी ऐकलेला.

मी पायरीवरच थिजले. प्लोनी जन्मली तोही गुड फ्रायडे होता. ते मी कधीच विसरले नव्हते. पण घंटा रोज वाजते. खोटं बोलताना ती तोंडातून आपोआप निघून गेली. आणि खोटं सांगितलं कोणाला? ज्यानं शंभर वर्षांच्या ईस्टरच्या तारखा स्वतःच्या हातानं लिहिल्यात, त्याला!

मास्टर स्वयंपाकघरात चुलीपाशी उभे होते. चिमटा उचलत होते, ठेवत होते.

“अहो,” मी म्हटलं, “त्या दिवशी गुड फ्रायडे होता.”

“हो.”

“तुम्हाला कळलं होतं.”

“तू घंटा म्हणालीस तेव्हाच.”

“मग मला खोटारडी का नाही म्हणालात?”

त्यांनी चिमटा ठेवला. “मला जायचं होतं गं तिच्याकडे. नोव्हेंबरपासून जायचं होतं. दारापर्यंत जायचो आणि वाटायचं, ती माझ्या तोंडावर सगळं वाचेल. तू कारण दिलंस, मी घेतलं. दुसरी कुंडली खोटी मांडली. जाणूनबुजून. आयुष्यात मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता, वालपुर्गा.”

वरून प्लोनीची किंकाळी आली. त्यांनी दोन्ही कान दाबले, शाळेतल्या पोरासारखे.

“पण त्यानं काय होणार?” ते म्हणाले. “खरी वेळ ती खरी वेळ. दुपार कललेली. शनी आठव्यातच आहे. आज, वर, याच क्षणी. मी तिला अकरा दिवस ठीक आहे, ठीक आहे म्हणून सांगत होतो, आणि मला माहीत होतं.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतका हुशार माणूस, आणि एवढं साधं त्याला एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणापर्यंत नाही.

“अहो,” मी म्हटलं, “दुपार कलली होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तूच.”

“आणि मला?”

त्यांनी पुन्हा चिमटा उचलला.

“घंटा नव्हत्या. खिडक्या बंद, फटींत चिंध्या, आत एक मेणबत्ती. दोन दिवस कळा देत होते मी. एन्नेलिनलासुद्धा वेळ माहीत नव्हती. मला कशी कळली असेल?”

“पण तू म्हणालीस…”

“तुम्ही त्या खेड्यातल्या रोग्याकडून संध्याकाळी परत आलात. बुटांना चिखल. दारातून आत आलात आणि मी कशी आहे ते विचारलं नाहीत. पोरीकडे बघितलंही नाहीत. विचारलंत, ‘किती वाजता?’ मी म्हटलं माहीत नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत, ‘साधारण किती?’ काहीतरी सांगितल्याशिवाय तुम्ही हलणार नव्हता आणि मला झोपायचं होतं. म्हटलं, दुपार कलली होती.”

ते खाली बसले. बाक नव्हता तिथे, जमिनीवर बसले.

मी वाट बघत होते की ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून सहज सुटलेल्या एका शब्दावर त्यांनी चौकोन काढला, त्यात पोरीचं मरण लिहिलं, आणि त्या कागदाच्या भीतीनं तिला कधी मनसोक्त मांडीवर घेतलं नाही. मला लाज वाटत होती. पण मला ठाऊक कुठे होतं? एकदा दाखवलं असतं ते पान, तर त्याच दिवशी सांगितलं असतं. एका घरात, एका ताटात जेवून, आम्ही दोघांनी हे केलं होतं.

“म्हणजे आठव्यात आहे की नाही…” ते म्हणाले.

“कोणालाच माहीत नाही.”

“कोणालाच नाही,” ते म्हणाले. मग उठले आणि जिन्याकडे निघाले.

पुढचं आधीच सांगून टाकते, कोणाला ताटकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. एन्नेलिननं मूल फिरवलं. मुलगी झाली. प्लोनीला रक्तस्राव खूप झाला, चार दिवस आमचा जीव टांगणीला होता, पण दोघी वाचल्या. फोल्कमार परत आला तेव्हा ती उठून त्याला बोल लावण्याइतकी ठणठणीत होती.

पण मला आठवतो तो जिना. बाळंतिणीच्या खोलीत एर्फुर्टमध्ये पुरुषानं पाऊल ठेवलेलं मी ना त्याआधी पाहिलं, ना नंतर. मी त्यांच्या मागे धावले. एन्नेलिन दारात हात आडवे करून उभी.

“मास्टर! वेड लागलं का? हे बायकांचं आहे. आणि वेळ-बिळ मी सांगणार नाही, माझे हात गुंतलेत. तुम्हाला काय, किती वाजले तेच हवं असेल!”

“नको,” ते म्हणाले. “बाजूला हो.”

ती झाली, कशी कोण जाणे. शेजारच्या बायका चीत्कारल्या, एकीच्या हातून तांब्या पडला. मी जिन्यात मधेच थांबले होते, तिथून दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

“प्लोनी,” ते म्हणाले. “कशी आहेस बाळा?”

“कशी दिसतेय?” ती आतून किंचाळली. “मरतेय मी! इथेच थांबा!”

“थांबतो. मी कुठे जात नाही.”

मी तिथेच जिन्यात बसले आणि रडायला लागले. तो प्रश्न एकवीस वर्षांपूर्वी माझा होता.